नळीचं तोंड बघायला टेसलाँगचा बोरस्कोप: घ्यावा का, आणि घेतला तर काय बघावं

.22 रायफलचा ग्रुप (टार्गेटवरच्या शॉटचा पुंजका) पसरायला लागला की संशयाची सुई ठरलेल्या क्रमाने फिरते. आधी नेमबाज, मग गोळ्यांचा लॉट, मग साईटचे स्क्रू. हे सगळं तपासून झालं की रेंजवरचं कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "क्राउन गेला असणार." म्हणायला सोपं, सिद्ध करायला कठीण. क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची ती शेवटची कड, जिथे गोळी नळीला अखेरचा स्पर्श करते, तिच्यावरचा दोष बऱ्याचदा केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो.

टेसलाँगसारखे स्वस्त कॅमेरा-बोरस्कोप (नळीत घालून आतलं दाखवणारं यंत्र) आल्यापासून ही कड आणि तिच्या मागची नळी स्क्रीनवर मोठी करून बघता येते. पूर्वी हे काम हॉकआयसारख्या भिंगांच्या स्कोपने व्हायचं. त्याची किंमत शेकडो डॉलरमध्ये असल्याने एखाद्या क्लबकडे किंवा शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच तो असायचा. टेसलाँगचं यूएसबीवर चालणारं साधं मॉडेल परदेशात पन्नास-साठ डॉलरच्या आसपास मिळतं. इथे मागवलं तर कस्टम आणि कुरिअरचा खर्च वेगळा धरा.

निकाल आधीच सांगून टाकतो. नळीच्या आतलं बघायला हे यंत्र किमतीच्या मानाने फारच चांगलं आहे. तोंडाची कड बघायला मात्र कामचलाऊ आहे, कारण ते काम 10 पटीचं भिंग आणि कापसाची काडी तितकंच किंवा जास्त चांगलं करते. तरीही घ्यावं असं आमचं मत आहे. क्राउनवर घेतलेला आळ किती वेळा खोटा असतो हे त्यातून कळतं, आणि चांगली नळी उगाच लेथवर चढत नाही.

हातात काय येतं

पाच मिलिमीटरच्या आसपास (0.2 इंच) जाडीचा, सुमारे 26 इंच लांबीचा स्टीलचा कडक दांडा, टोकाला कॅमेरा आणि दिवे, मागे यूएसबी केबल. टोकावर आटे असलेलं आरशाचं टोपण बसतं. ते लावलं की कॅमेरा बाजूला, म्हणजे नळीच्या भिंतीकडे बघतो. काढलं की सरळ पुढे. लवचिक केबलचंही मॉडेल मिळतं, पण रायफलसाठी कडकच घ्या. लवचिक केबल नळीत पीळ खाते, आणि आपण घड्याळाच्या हिशोबाने सहा वाजताची (खालची) बाजू बघतोय की नऊ वाजताची, याचा पत्ता लागत नाही.

लॅपटॉपला जोडला की साध्या वेबकॅमसारखा ओळखला जातो. अँड्रॉइड फोनवर ओटीजी चालत असेल तर अ‍ॅपमधून दिसतो. आयफोनवाल्यांनी आपल्या फोनला कोणतं मॉडेल चालतं ते मागवण्यापूर्वीच बघून घ्यावं. वेगळा स्क्रीन असलेलं मॉडेल रेंजवर सोयीचं, पण घरी बसून फोटो साठवायचे असतील तर लॅपटॉपच बरा.

नळीच्या आत पिळदार चर असतात; चर म्हणजे ग्रुव्ह आणि त्यांच्यामधले उंचवटे म्हणजे लँड. .22 च्या नळीत लँड ते लँड अंतर साधारण 5.5 मिमी असतं. म्हणजे दांड्याला सगळ्या बाजूंनी मिळून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी मोकळी जागा. जातो, पण नळी कोरडी आणि स्वच्छ हवी. 4.5 मिमीच्या एअर रायफलमध्ये हा दांडा जातच नाही. 10 मीटरवाल्यांनी हे वाचून मगच ऑर्डर द्यावी, कारण विक्रेत्यांच्या जाहिरातीत "सगळ्या रायफलसाठी" असं सर्रास लिहिलेलं असतं.

पहिला त्रास फोकसचा. कॅमेऱ्याचा फोकस पक्का असतो, त्यामुळे आरशाचं टोपण आट्यांवर थोडं पुढे-मागे फिरवून चित्र स्पष्ट करावं लागतं. ते बरोबर जमलं की लँडच्या कडा काचेसारख्या धारदार दिसतात. नसेल जमलं तर सगळी नळी गुळगुळीत आणि निर्दोष वाटते. धूसर चित्र बघून "नळी एकदम नवी आहे" म्हणणारे बरेच आहेत! नळीतले बनावटीचे बारीक ओरखडे दिसत नाहीत तोवर फोकस झालेला नाही असं समजा.

दुसरा त्रास आरशाचा. सॉल्व्हंटचा एक थेंब लागला की चित्र ढगाळ होतं. ओल्या नळीत दांडा कधीच घालू नका. आरसा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. कापड घासलं तर त्यावर चरे पडतात.

तोंडाची कड एवढी महत्त्वाची का

.22 ची 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी मॅच रायफलमधून सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने बाहेर पडते. रायफलिंगचा, म्हणजे या चरांचा पीळ 16 इंचांत एक फेरा असतो, त्यामुळे ती मिनिटाला जवळजवळ 48,000 फेरे घेत असते. गोळीचा बूड कडेच्या बाहेर पडला की मागचा दाबाखालचा वायू सुटतो आणि क्षणभर गोळीला ओलांडून पुढे जातो. कड सगळीकडे एकाच पातळीत असेल तर तो चारी बाजूंनी एकाच वेळी सुटतो. एका बाजूला खाच असेल किंवा कड तिरकी झिजलेली असेल तर तिथून आधी सुटतो, आणि बुडाला बाजूचा धक्का बसतो.

हा धक्का किती लहान असला तरी पुरतो, त्याचा हिशोब सोपा आहे. 50 मीटरवर 1 सेंमी सरकायला गोळीला सेकंदाला फक्त साडेसहा सेंटीमीटरचा आडवा वेग पुरतो. सव्वातीनशे मीटर पुढे आणि साडेसहा सेंटीमीटर बाजूला. आता 50 मीटरच्या टार्गेटवर 10 ची रिंग 10.4 मिमीची. गोळी 5.6 मिमीची, आणि तिची कड रिंगला टेकली तरी 10 मिळतो. म्हणून गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिमीपर्यंत गेला तर चालतं. नेमबाजाने काहीही चूक न करता यातले 2-3 मिमी रायफलनेच खाल्ले, तर उरलं काय? शिवाय फायनल आणि प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) दशांशात गुण मोजतात, तिथे 10.1 आणि 10.7 मधलं अंतरसुद्धा महाग पडतं. 2010 साली म्युनिकमध्ये प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य घेणारा स्वप्नील कुसळे, दोघंही कोल्हापूरचे, याच अंतरावर नेम धरणारे. तिथल्या रेंजवर क्राउनची चर्चा चहाबरोबर होते त्यात नवल नाही.

पण एक गोष्ट या चर्चेत हमखास सुटते. कडेवरचा दोष दर वेळी तेवढाच आणि त्याच दिशेने धक्का देत असेल तर ग्रुप पसरत नाही, नुसता सरकतो. तो साईटच्या क्लिकने भरून निघतो. म्हणूनच तोंडावर उघड खाच असलेली रायफलसुद्धा कधी कधी घट्ट ग्रुप देते आणि तिच्या मालकाला क्राउनचं सगळं प्रकरण थोतांड वाटायला लागतं. त्रास होतो तो धक्का बदलतो तेव्हा: प्रत्येक काडतुसाचा दाब थोडा वेगळा, गोळीचा बूड थोडा वेगळा, खाचेत साचलेलं मेण आणि काजळी दर दहा शॉटला वेगळी. ओबडधोबड बर (कडेवर उरलेला धातूचा बारीक कंगोरा) सर्वांत वाईट, कारण ती मऊ शिशाचा बूडच खरवडते, आणि प्रत्येक गोळी वेगळी खरवडते.

तपासणी कशी करावी

बोल्ट काढून बाजूला ठेवा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. तोंडाकडे डोळा नेण्यापूर्वी हे व्हायलाच हवं, "आत्ताच बघितलं होतं" ही सबब चालत नाही.

मॅच रायफलवर पुढे नळकांडं लावलेलं असेल तर ते उतरवा. साईटची त्रिज्या वाढवायला ही लांब नळकांडी लावतात. त्यांच्या आत मेण, काजळी आणि अर्धवट जळलेली दारू यांचा चिकट थर जमतो आणि क्राउन महिनोन्महिने कुणाच्या नजरेस पडत नाही. पावसाळ्यात हाच थर ओल धरून ठेवतो. नळकांडं परत बसवताना ते नळीच्या सरळ रेषेत आहे ना हे बघा. आतल्या भिंतीवर एका बाजूला शिशाची राखाडी रेघ दिसली तर गोळी तिथे घासतेय. मग दोष क्राउनचा नाही, बसवण्याचा.

पुसण्यापूर्वी तोंडाचा फोटो काढा. पन्नासेक गोळ्यांनंतर कडेभोवती मेणाची आणि काजळीची चांदणी उमटते, जितके ग्रुव्ह तितकी टोकं. सगळी टोकं सारख्या लांबीची असतील तर वायू सारखा सुटतोय. एक टोक लांब, शेजारचं गायब असेल तर तिथे नीट बघायला हवं. हे चित्र फुकट मिळतं आणि बोरस्कोपपेक्षा जास्त बोलतं, पण लोक आधी पुसतात आणि मग यंत्र जोडतात.

मग पुसा आणि कापसाची काडी आतून बाहेर, कडेवरून हळूच फिरवा, प्रत्येक लँड आणि ग्रुव्हवरून. जिथे बर असेल तिथे कापसाचा धागा अडकून राहतो. दोनदा फिरवून त्याच जागी धागा अडकला तर ती जागा पेन्सिलने बाहेरच्या बाजूला खूण करून ठेवा. भिंगातून बघताना टॉर्च बाजूने, तिरका धरा. कडेवरच्या बारीक चॅम्फरवर (तिरक्या कापावर) प्रकाशाची एक रिंग दिसते. तिची रुंदी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड आणि समोर बारीक असेल तर कड तिरकी कापली गेलीय किंवा झिजलीय.

आता बोरस्कोप. अ‍ॅन्शुट्झ 1913 सारख्या रायफलची नळी 690 मिमी, म्हणजे 27 इंचांच्या वर असते, आणि मागे रिसीव्हर वेगळा. 26 इंचांचा दांडा चेंबरकडून घातला तर तोंडापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे चेंबर आणि पुढची नळी मागून बघायची, आणि शेवटचे काही इंच तोंडातून. तोंडातून घालताना स्टीलचा दांडा त्याच कडेवर घासतो जी आपण तपासायला निघालो आहोत. प्लॅस्टिकच्या पातळ नळीचा छोटा तुकडा दांड्यावर चढवून तो तोंडाबाहेर बोटांत धरावा, वजन कडेवर येऊ देऊ नये. कंपनीने ही साधी बुशिंग डब्यात द्यायला काही हरकत नव्हती.

आरसा कडेजवळ आला की दिव्यांचा प्रकाश परावर्तित होऊन चित्र पांढरं पडतं. दिवे अगदी मंद करा आणि तोंडासमोर काळं कापड धरा. आरशामुळे चित्र उलटं दिसतं हे लक्षात ठेवा. स्क्रीनवरची खाच कोणत्या लँडवर आहे हे ठरवायला दांडा किती फिरवला ते मोजावं लागतं, म्हणून दांड्याच्या मागच्या टोकाला बारा वाजता टेपची खूण लावून घ्या. आरसा काढून समोरून बघायचा पर्यायही आहे, पण त्यात कडेची खोली कळत नाही, सगळं सपाट दिसतं. इथे भिंग सरळ जिंकतं.

स्क्रीनवर काय दिसतं, आणि कशाला घाबरू नये

खरं उपयोगी दृश्य दिसतं ते कडेच्या आत, शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये. तोंडाकडून रॉड घालून साफ केलेल्या रायफलमध्ये सहा वाजताच्या लँडची कड गोल झालेली दिसते, समोरची बारा वाजताची मात्र टोकदार. रॉड स्वतःच्या वजनाने खाली टेकतो आणि दर वेळी तिथेच घासतो. एनसीसीच्या .22 डिलक्स रायफली पुलथ्रूने, दोरी आणि चिंदीने साफ करतात. दोरी ओढताना हात जिकडे झुकतो त्या बाजूला तोंडात चर पडतो. जुन्या लष्करी रायफलींच्या बाबतीत हा दोष शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. अशी एकतर्फी झीज भिंगातून पूर्ण कळत नाही, कारण ती आत खोलवर जाते. बोरस्कोपचे पैसे इथे वसूल होतात.

तोंडाशी आटे पाडून घेतलेल्या नळ्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. बाहेरून धातू काढल्यामुळे नळीचं तोंड आतून किंचित सैल होतं, विशेषतः बटन पद्धतीने रायफलिंग केलेल्या नळ्यांत. मॅच नळी तोंडाशी उलट किंचित घट्ट हवी. हे सैलपण बोरस्कोपला दिसत नाही. ते तेल लावलेली शिशाची गोळी रॉडने ढकलताना हाताला कळतं: शेवटच्या इंचात अचानक हलकं लागलं तर समजावं. कंपनी हे कुठे सांगत नाही, आणि खरेदीदार समजतो की स्क्रीनवर चांगलं दिसलं म्हणजे नळी चांगली.

आता भीतीचं. एवढं मोठं करून बघितलं की उत्तम मॅच नळीही नांगरलेल्या शेतासारखी दिसते. रीमरच्या आडव्या रेघा, ड्रिलच्या खुणा, ग्रुव्हमध्ये काळसर पट्टे, हे सगळं बऱ्याच नव्या नळ्यांत असतं आणि त्यांचा ग्रुपशी संबंध लावता येत नाही. कोपऱ्यात चकाकणारं राखाडी दिसलं तर ते शिसं असू शकतं, ते साफ होतं. तपकिरी, खडबडीत, खड्ड्यांसारखं असेल तर गंज. तो साफ होतो, पण खड्डा राहतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून "बॅरल गेली का?" विचारण्यापूर्वी नळी नीट साफ करून पुन्हा बघा, अर्धे दोष तिथेच गायब होतात.

या यंत्राने सर्वांत जास्त वेळा पकडलेला गुन्हेगार तोंडाशी नसून दुसऱ्या टोकाला सापडतो. चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तिथे काजळीची कडक काळी रिंग जमते. .22 मध्ये ती भराभर जमते आणि साध्या पॅचने (साफसफाईच्या कापडी तुकड्याने) जात नाही. गोळी नळीत शिरतानाच तिला खरवडलं जातं आणि ग्रुप अगदी क्राउन गेल्यासारखा फुटतो, अधूनमधून एखादा शॉट भलतीकडे. कार्बन विरघळवणारं सॉल्व्हंट पंधरा-वीस मिनिटं मुरू देऊन नायलॉन किंवा ब्राँझ ब्रशने ती जाते. या एका कामासाठीसुद्धा क्लबने एक बोरस्कोप घेऊन ठेवावा.

क्राउनला शिक्षा देण्यापूर्वी

बेडिंगचे (रायफल दस्त्यात घट्ट बसवणारे) स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कवर घट्ट आहेत का, फ्रंट साईटचा पाया हलतो का, हे आधी बघा. मग एकाच लॉटच्या गोळ्या घेऊन क्लॅम्पमधून किंवा भक्कम रेस्टवरून 50 मीटरवर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारा. साफ केल्यानंतरचे पहिले दहा-वीस शॉट मोजू नका, नळीला मेणाचा थर बसायला तेवढे लागतात. मग लॉट बदलून तेच पुन्हा करा. चांगली नळी आणि जुळलेला लॉट असेल तर क्लॅम्पमधून दहा शॉटचा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत 15 मिमीच्या आसपास यायला हवा. एका लॉटला 16 आणि दुसऱ्याला 28 आला तर नळीचं तोंड निर्दोष आहे. दोन-तीन चांगल्या लॉटना सारखाच वाईट आला, काजळीची रिंग नाही, चांदणी वाकडी आणि काडीचा धागा त्याच टोकाशी अडकतोय, तेव्हाच क्राउनकडे वळा. पाच शॉटच्या एका ग्रुपवरून निर्णय घेऊ नका, तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग दुरुस्ती

नुसती बारीक बर असेल तर जुना उपाय चालतो: गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्यावर बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, हाताच्या ड्रिलमध्ये मंद फिरवत आणि ड्रिल गोल गोल डोलवत. आधी नळीत घट्ट पॅच बसवून पेस्ट आत जाण्याची वाट बंद करायची, आणि नंतर तो पॅच तोंडाकडूनच बाहेर काढायचा. याने बर जाते, चॅम्फर एकसारखा होतो. तिरकी कड सरळ होत नाही, आणि आतली झीज तर अजिबात जात नाही.

कड तिरकी असेल किंवा आत चर असेल तर लेथच लागतो. काम देताना कारागिराला दोन गोष्टी विचारा. नळी बाहेरच्या व्यासावर पकडणार की आतल्या बोअरवर (नळीच्या पोकळीवर) मोजमापाचा डायल लावून? बाहेरचा व्यास आणि बोअर नेहमी एकमध्य नसतात, त्यामुळे उत्तर "बाहेरून" आलं तर रायफल परत घेऊन या. आणि टूल कुठून कुठे चालवणार? बोअरकडून बाहेर. उलट चालवलं तर बर नळीच्या आत ढकलली जाते आणि आपण पैसे देऊन तोच आजार विकत घेतो. पायलट (बोअरमध्ये बसून कटरला सरळ धरणारा दांडा) असलेल्या हातकटरची किटंही विकत मिळतात. पायलट बोअरमध्ये किंचितही सैल असेल तर नवी कड जुनीपेक्षा वाईट येते, आणि .22 साठी नेमका बसणारा पायलट मिळणं अवघड. आकार कोणता, सपाट की 11 अंशांचा, यावर वाद घालत बसू नका. खोलगट क्राउन ठोके खात नाही एवढाच व्यवहारातला फरक. एकसारखेपणा मोजायचा.

कायद्याचं इथे विसरू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्राच्या दुरुस्तीला परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासाठी कलम 6 मध्ये वेगळी तरतूद आहे. "एक मिलिमीटरच तर कापायचंय" म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे .22 नेऊ नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या आणि लेखी पावती घ्या. शिवाय कापण्याने तोंडाशी असलेली घट्ट जागाही कमी होते, म्हणून लागेल त्यापेक्षा केसभरही जास्त नको.

20 ज्यूलच्या आतल्या 4.5 मिमी एअर रायफलला परवाना लागत नाही, पण तिथे बोरस्कोप निरुपयोगी आणि कापणं आणखी धोक्याचं: चोक (नळीचा मुद्दाम घट्ट ठेवलेला भाग) शेवटच्या काही सेंटीमीटरमध्येच असतो. स्वस्त स्प्रिंग रायफलींत तोंडावरचं प्लॅस्टिकचं टोपण उतरवून भिंगाने बघा, बहुतेकांत बर दिसेल. पेलेटचा (एअर रायफलच्या छऱ्याचा) स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ झालर, पातळ शिशाचा असल्याने त्याला .22 पेक्षाही कमी बर पुरते. ब्रेक-बॅरल रायफल तोंडाशी धरूनच मोडतात, त्यामुळे घामाचा हात दर शॉटला तिथेच लागतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

नवा क्राउन नको असेल तर

साफसफाई नेहमी चेंबरकडून, बोअर गाइड लावून, एकसंध रॉडने. पॅच तोंडाबाहेर पडला की तिथेच काढून घ्या आणि रॉड आधार देत मागे ओढा. बाहेर पडलेला जॅग (रॉडचं पॅच धरणारं टोक) खाली टेकतो आणि परत येताना कडेवर आपटतो, तीच सहा वाजताची झीज. ब्राँझ ब्रश नळीच्या मध्ये उलटा फिरवू नका. मागून साफ करता न येणाऱ्या सेमी-ऑटो रायफलला तोंडाचा गाइड लावा, नाहीतर दोरीवाली साफसफाई सरळ रेषेत ओढा. एअर रायफलला नायलॉनच्या दोरीने ओढायचे फेल्ट पुरेत.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर सॉल्व्हंटने कोरडी केलेली नळी तशीच फोमच्या पेटीत ठेवली तर तोंडाच्या उघड्या स्टीलवर चटकन तपकिरी ठिपके येतात. फोम ओल शोषतो आणि धरून ठेवतो. तोंडावर बोटाने हलकं तेल, पेटीत सिलिका जेल, आणि रेंजवर जाण्यापूर्वी एक कोरडा पॅच. साफसफाई न केलेल्या .22 च्या नळीला गोळीच्या मेणाचं थोडं संरक्षण असतं, पण तोंडाच्या बाहेरच्या चेहऱ्याला ते नसतं.

कुणी घ्यावा

क्लब, अकादमी, जुनी रायफल विकत घेणारा, आणि तीन-चार .22 सांभाळणारा माणूस, यांनी जरूर घ्यावा. जुनी रायफल बघायला जाताना तर हा सोबत हवाच, विक्रेत्याच्या शपथांपेक्षा सहा वाजताची लँड जास्त खरं सांगते. एकच रायफल आणि बरा ग्रुप असलेल्याने आधी भिंग, टॉर्च आणि कापसाच्या काड्या घ्याव्यात. घेतलात तर जास्तीचं आरशाचं टोपण त्याच ऑर्डरमध्ये मागवा. टोपण आट्यांवरून सैल होऊन नळीत निखळू शकतं. प्रत्येक वेळी दांडा घालण्यापूर्वी ते बोटाने तपासा, आणि निखळलंच तर तोंडातून काहीही न घालता चेंबरकडून पॅच लावलेल्या रॉडने हळूच बाहेर ढकला.